बायकोच्या नावावर केलं की कर वाचतो का?

बचत गटाच्या बैठकीत हा प्रश्न हमखास निघतो. कर्जत-खालापुरात फार्महाऊस आणि बंगल्यांसाठी जमिनी विकल्या जाऊ लागल्या, तेव्हापासून जास्तच. उत्तराआधी थोडं मागे जाऊ. गोष्ट आपल्याच जिल्ह्यातल्या एका माणसाची आहे.

चिंतामणराव देशमुख. जन्म 1896 चा, महाडजवळच्या नाते गावचा. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, मग देशाचे अर्थमंत्री. मुंबईच्या प्रश्नावर 1956 साली मंत्रिपद सोडलं, ते हेच. तोवर वर्षाच्या पहिल्या 1500 रुपयांवर सगळ्यांनाच प्राप्तिकर माफ होता. 1955 च्या अर्थसंकल्पात देशमुखांनी लग्न झालेल्याला 2000 रुपये माफ केले आणि लग्न न झालेल्याला 1000 वर आणलं. संसाराला खर्च जास्त, हा त्यामागचा सरळ हिशेब. हेतू चांगलाच होता. पण सूट मिळाली कमावत्याला, म्हणजे त्या काळी बहुतेक घरांत नवऱ्याला. बायको हिशेबात आली ती खर्च म्हणून! आणि देशमुखांच्या पत्नी दुर्गाबाई तर घटना समितीवर होत्या, केंद्रीय समाजकल्याण मंडळाच्या अध्यक्ष होत्या. मला याचं नेहमी नवल वाटतं.

पुढे ही सूट गेली. मधली काही वर्षं बायकांना थोडी जादा सूट होती. 2011-12 साली पुरुषांना 1,80,000 आणि बायकांना 1,90,000 रुपये माफ. पुढच्याच वर्षी दोघांना सारखे 2 लाख झाले. इंग्लंडात तर 1990 पर्यंत बायकोचं उत्पन्न नवऱ्याचंच धरत. आता तिथे जोडप्यातला एक जण आपल्या करमाफीचा थोडा भाग दुसऱ्याला देऊ शकतो. आपल्याकडे तशी सोय नाही.

आता आपला प्रश्न. नवऱ्याने जमिनीच्या पैशाची ठेव बायकोच्या नावाने बँकेत ठेवली, तर व्याज कुणाचं? कायदा म्हणतो, नवऱ्याचं. ही पळवाट इंग्रज सरकारने 1937 सालीच बुजवली आणि 1961 च्या कायद्यातही ती बंदच राहिली. शेतीच्या उत्पन्नावर प्राप्तिकर नाही हे खरं, पण जमीन विकून आलेल्या पैशाचं व्याज म्हणजे शेतीचं उत्पन्न नव्हे. ते व्याज तिने पुन्हा गुंतवलं, तर त्यावर मिळणारं मात्र तिचं. पापड-लोणच्याच्या धंद्यात तुम्ही कमावता ते तर तुमचंच.

म्हणजे प्राप्तिकरात नावाला फारसा अर्थ नाही. जमीन आणि घराच्या कागदावर मात्र आहे, आणि तो बायकांनी मिळवला आहे. 1986 साली चांदवडला शेतकरी संघटनेचं महिला अधिवेशन भरलं. त्यानंतर शरद जोशींनी लक्ष्मीमुक्तीची हाक दिली: जमिनीत बायकोचा हिस्सा तिच्या नावावर करा. 1992 साली सरकारनेही पतीच्या हयातीतच पत्नीचं नाव सातबाऱ्यावर सहहिस्सेदार म्हणून लावण्याचं परिपत्रक काढलं. 2003 साली ग्रामपंचायतीच्या घरपट्टीच्या नोंदीत दोघांची नावं लावायचा निर्णय झाला. 2015 साली राहतं घर किंवा शेतजमीन पत्नीला बक्षीसपत्राने देताना मुद्रांक शुल्क 200 रुपयांवर आलं. (वर अधिभार, नोंदणी फी असते; आधी दुय्यम निबंधकाकडे विचारा.)

1 एप्रिल 2021 पासून बाईने स्वतःच्या नावाने घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट आहे. 30 लाखांच्या घराला 30 हजार वाचतात. ते घर पंधरा वर्षं पुरुषाला विकायचं नाही, अशी अट होती. 2023 साली तीही काढली. पण नवऱ्याचं नाव जोडलं तर सूट नाही, आणि नुसत्या प्लॉटलाही नाही.

नवऱ्याने बक्षीसपत्राने दिलेलं घर भाड्याने दिलंत, तर भाड्यावरचा कर त्याच्याच हिशेबात जाईल. जाऊ दे. घर विकायचं झालं, तर सही तुमची लागेल.