सेक्टर सतरा, पण कुठला?

वाशी स्टेशनबाहेर रिक्षात बसून नुसतं 'सेक्टर सतरा' म्हटलं तर काम भागतं. ऐरोलीत बसलेल्या वाशीकराने तेच म्हटलं, तर तो पोचतो ऐरोलीच्या सतरामध्ये. कोपरखैरणेला सेक्टर १७ आहे, खारघरलाही आहे. हे शहर वसवणाऱ्या सिडकोने नवी मुंबई १४ नोडमध्ये, म्हणजे उपनगरांत, आखली आणि सेक्टरांची मोजणी प्रत्येक नोडमध्ये नव्याने सुरू केली. मग काही ठिकाणी १०ए, १९एफ अशी शेपटंही लागली.

सेक्टर हा शब्द मुळात लॅटिन. 'सेकारे' म्हणजे कापणं. सेक्शन आणि सेगमेंट ही त्याचीच भावंडं. 'सेक्टर' म्हणजे कापणारा. पण रोममध्ये त्याला आणखी एक अर्थ होता: सरकारने जप्त केलेली मालमत्ता लिलावात घेऊन नफ्याने विकणारा. सिसेरोने एका खटल्यातल्या भाषणात अशा मंडळींवर कोटी केली आहे, गळे कापणारेही हेच आणि मालमत्ता उचलणारेही हेच, अशा अर्थाची. १९७० साली स्थापन झालेल्या सिडकोला हे ठाऊक असण्याचं कारण नाही. तरी ज्या ९५ गावांच्या जमिनी या शहरासाठी घ्यायच्या ठरल्या, तिथल्या एखाद्या साडेबारा टक्केवाल्याला, म्हणजे घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंडाचा हक्कदार असलेल्याला, ही व्युत्पत्ती सांगून बघावी.

भूमितीने या शब्दाला सभ्य केलं. दोन त्रिज्या आणि त्यांमधला कंस यांनी कापलेला वर्तुळाचा तुकडा तो सेक्टर. दहावीच्या गणिताच्या मराठी पुस्तकात त्याला 'वर्तुळपाकळी' म्हणतात. परिभाषेच्या रुक्ष रानात इतका देखणा शब्द क्वचितच सापडतो. पुढे पहिल्या महायुद्धात आघाडीचे सेक्टर पडले, १९४५ मध्ये बर्लिनचे चार झाले. अर्थशास्त्राने पब्लिक सेक्टर आणला. हार्ड डिस्कवर तर दीर्घकाळ ५१२ बाइटचा सेक्टर असे.

घराच्या पत्त्यातला सेक्टर भारतात रुजवला तो चंडीगडने. वास्तुकार ल कॉर्बुझिएच्या आराखड्यात तो साधारण ८०० बाय १२०० मीटरचा आयत होता. वेगाची वाहतूक कडेच्या रस्त्यांवर. दुकानं, शाळा, बाग आत, म्हणजे पोरांना शाळेसाठी मोठा रस्ता ओलांडायला नको. पाकळीचा आकार केव्हाच गेला, कापणं तेवढं उरलं. गंमत म्हणजे तिथलीही मुख्य बाजारपेठ सेक्टर १७, वाशीचीही तीच. फरक इतकाच की चंडीगडात सतरा एकच आहे.

मराठीने या शब्दाच्या बहुतेक अर्थांना आपलं नाव दिलं. गणितात पाकळी, अर्थकारणात क्षेत्र. राहायच्या सेक्टरला मात्र नवी मुंबईने हात लावला नाही. पाटीवर सेक्टर, वीजबिलावर सेक्टर, लग्नपत्रिकेवरही सेक्टर. पिंपरी-चिंचवडच्या प्राधिकरणाने प्रयत्न केला: तिथल्या कागदांवर 'पेठ क्रमांक' असं लिहिलेलं सापडतं. शेजारी पुणे असल्यावर पेठ सुचणारच! पण कसबा, नारायण, सदाशिव ऐकलेल्या कानांना आकड्याची पेठ ओकीबोकी वाटते, आणि तिथेही लोकांच्या तोंडी सेक्टरच.

नवी मुंबईत नावं उरली ती गावठाणांना. वाशीतल्या सेक्टर ११ मध्ये जुहूगाव आहे. नियोजनाच्या आखीव रस्त्यांवरून आत वळलं की घरं एकमेकांना खेटून उभी राहतात आणि गल्ली आपल्या मर्जीने वळू लागते. पत्त्यात आधी 'जुहूगाव' येतं, मग 'सेक्टर ११'. रिक्षावाल्याला मात्र जुहूगाव एवढंच सांगितलं तरी पुरतं; 'कुठलं?' असं तो विचारत नाही.