डेटाबेस-आधारित वेब ॲप्लिकेशन: सामान्य समस्या व उपाय

डेटाबेस-आधारित वेब ॲप्लिकेशन म्हणजे ज्या संकेतस्थळावरील किंवा ऑनलाइन सेवेतील माहिती स्थिर पानांत लिहिलेली नसून डेटाबेसमध्ये साठवलेली असते, आणि वापरकर्त्याच्या मागणीनुसार तेथून काढून दाखवली वा बदलली जाते असे ॲप्लिकेशन होय. रेल्वे आरक्षण, परीक्षांचे निकाल, बँक व्यवहार आणि ऑनलाइन सातबारा ही त्याची नित्य परिचयाची उदाहरणे आहेत. अशा ॲप्लिकेशनमधील दोष वापरकर्त्याला पडद्यावर दिसतात. परंतु त्यांतील बऱ्याच दोषांचे मूळ तक्त्यांच्या रचनेत आणि माहितीचे नियम डेटाबेसला न सांगितले जाण्यात असते.

== रचना ==

अशा ॲप्लिकेशनचे सामान्यतः तीन स्तर असतात. ब्राउझर किंवा मोबाइल ॲप हा पहिला स्तर, सर्व्हरवर चालणारा प्रोग्राम हा दुसरा आणि डेटाबेस हा तिसरा. बहुतेक ठिकाणी संबंधाधारित डेटाबेस वापरला जातो. त्याची तात्त्विक मांडणी एडगर कॉड यांनी १९७० मध्ये केली. यात माहिती तक्त्यांत ठेवली जाते. तक्त्यातील आडवी ओळ म्हणजे एक नोंद आणि उभा रकाना म्हणजे नोंदीचा एक गुणधर्म. तक्त्यांशी संवाद साधण्यासाठी एसक्यूएल ही भाषा वापरतात. मायएसक्यूएल, पोस्टग्रेएसक्यूएल व ओरॅकल या प्रचलित प्रणाली आहेत.

== महाराष्ट्रातील संदर्भ ==

महाराष्ट्रात सर्वसामान्य नागरिकाचा अशा प्रणालीशी संबंध जमिनीच्या नोंदींच्या निमित्तानेही येतो. गाव नमुना सात व बारा यांचा एकत्रित उतारा म्हणजे सातबारा. मालकीहक्कातील बदल गाव नमुना सहामध्ये, म्हणजे फेरफार नोंदवहीत, लिहिले जातात. हे दप्तर संगणकावर आल्यानंतर 'महाभूलेख' या संकेतस्थळावर उतारे पाहता येऊ लागले, फेरफारासाठी 'ई-फेरफार' प्रणाली आली आणि १ मे २०१८ रोजी डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा सुरू झाला. पिकांची नोंद शेतकऱ्याने स्वतः मोबाइलवरून करण्याची 'ई-पीक पाहणी' १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर लागू झाली.

पीककर्ज, पीकविमा व शासकीय अनुदान या उताऱ्यावर अवलंबून असल्याने एका रकान्यातील चूक शेतकऱ्याच्या हंगामावर परिणाम करू शकते. जळगाव व धुळे जिल्ह्यांतील, म्हणजे खानदेशातील, गावे, नावे व संस्था यांच्या उदाहरणांतून अशा प्रणालींच्या नेहमीच्या अडचणी स्पष्ट होतात.

== ओळख-किल्लीची समस्या ==

प्रत्येक नोंद इतर नोंदींपासून निश्चितपणे वेगळी ओळखता यावी यासाठी तक्त्यात प्राथमिक किल्ली असते. नावालाच किल्ली मानणे ही नवशिक्यांची सामान्य चूक होय. रावेर तालुक्यात वाघोदे बुद्रुक आणि वाघोदे खुर्द ही दोन गावे आहेत. बोलण्यात ती मोठे वाघोदे व लहान वाघोदे होतात. लेखनात 'वाघोदे' व 'वाघोदा' अशी दोन्ही रूपे आढळतात आणि 'बुद्रुक'चे 'बु.' होते. नावावर आधारलेली प्रणाली यांतून एका गावाची अनेक गावे करते, किंवा दोन गावे एकत्र करते.

नावे बदलतातही. एदलाबादचे मुक्ताईनगर झाले. १९०६ मध्ये खानदेश जिल्ह्याचे पूर्व व पश्चिम असे दोन भाग झाले आणि पुढे ते अनुक्रमे जळगाव व धुळे या नावांनी ओळखले जाऊ लागले. शासकीय संकेतांकही कायम राहत नाहीत. २००१ च्या जनगणनेत धुळे व जळगाव जिल्ह्यांचे संकेतांक ०२ व ०३ होते, तर २०११ च्या जनगणनेत ते ४९८ व ४९९ झाले.

यावर रूढ उपाय असा की, प्रत्येक गावाला प्रणालीने स्वतःचा, कोणताही अर्थ नसलेला क्रमांक द्यावा. नाव, पर्यायी नावे व शासकीय संकेतांक हे त्या क्रमांकाशी जोडलेले, मुदतीसह बदलू शकणारे गुणधर्म म्हणून ठेवावेत. गट क्रमांक केवळ एका गावापुरता एकमेव असतो. म्हणून गाव, गट व उपविभाग यांच्या जोडीवर एकमेवतेचे बंधन घालावे लागते.

== नात्यांची चुकीची मांडणी ==

दोन तक्त्यांमधील नाते 'एकास एक', 'एकास अनेक' किंवा 'अनेकांस अनेक' असू शकते. आरंभीच्या काही नोंदी पाहून हे नाते ठरवल्यास पुढे रचना मोडते. '१ जिल्हा, १ जिल्हा बँक' असे गृहीत धरून जिल्ह्याच्या तक्त्यातच बँकेचे नाव लिहिले, तर जळगावच्या बाबतीत अडचण येत नाही. परंतु १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून नंदुरबार जिल्हा वेगळा झाला आणि मध्यवर्ती सहकारी बँक मात्र धुळे व नंदुरबार या दोन्ही जिल्ह्यांची एकच आहे. तिचे नाव दोन ओळींत लिहावे लागते आणि एका ओळीत दुरुस्ती होऊन दुसरी तशीच राहण्याची शक्यता निर्माण होते.

एकच माहिती दोन ठिकाणी न ठेवण्याच्या पद्धतशीर प्रक्रियेला सामान्यीकरण म्हणतात. बँकांचा तक्ता वेगळा, जिल्ह्यांचा वेगळा आणि कार्यक्षेत्र दाखवणारा जोडतक्ता तिसरा, अशी मांडणी येथे योग्य ठरते. परकीय किल्लीचे बंधन घातल्यास अस्तित्वात नसलेल्या बँकेचा किंवा जिल्ह्याचा उल्लेख डेटाबेस स्वीकारत नाही.

== देवनागरी मजकुराच्या समस्या ==

मराठी नावांच्या जागी प्रश्नचिन्हे किंवा निरर्थक अक्षरे दिसणे ही परिचित तक्रार आहे. ब्राउझर, प्रोग्राम, डेटाबेसची जोडणी व तक्ता या चारही ठिकाणी एकच वर्णसंकेतन नसल्यास असे घडते. सर्वत्र युनिकोडवर आधारित यूटीएफ-८ ठेवणे हा उपाय होय. मायएसक्यूएलमध्ये त्याच्या पूर्ण रूपाला 'यूटीएफ८एमबी४' असे नाव आहे. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते. 'जळगाव' या शब्दात काना धरून ५ चिन्हे आहेत, म्हणजे १५ बाइट. रकान्याची लांबी बाइटमध्ये मोजली जात असेल, तर रोमन लिपीसाठी पुरेसा रकाना मराठीसाठी अपुरा पडतो. प्रश्नचिन्हे तक्त्यातच साठवली गेली असतील, तर मूळ अक्षरे परत मिळत नाहीत. मूळ स्रोतावरून माहिती पुन्हा भरावी लागते.

सारख्या दिसणाऱ्या शब्दांचा शोध न लागणे ही अधिक सूक्ष्म अडचण आहे. जळगाव परिसरातील 'बऱ्हाटे' हे आडनाव घेतल्यास त्यातील अर्धा र 'ऱ' या स्वतंत्र चिन्हाने, 'र' व नुक्ता यांच्या जोडीने, किंवा 'र'नंतर हलन्त व अदृश्य जोडचिन्ह देऊन लिहिता येतो. पडद्यावर तिन्ही रूपे सारखी दिसतात, पण डेटाबेसच्या दृष्टीने ते तीन वेगळे शब्द असतात. युनिकोडचे प्रमाणित रूपांतर यांतील पहिली दोन रूपे एक करते. तिसऱ्यासाठी नोंद साठवण्यापूर्वी स्वतंत्र नियम लावावा लागतो. '१२३' व रोमन अंकांतील तीच संख्या यांनाही हेच लागू पडते.

अनुक्रमाचा प्रश्न याहून वेगळा आहे. मराठी वर्णमालेत 'ळ' हा 'ह'नंतर येतो, तर युनिकोडच्या क्रमात तो 'ल'च्या लगेच पुढे आहे. याद्या मराठी क्रमाने हव्या असल्यास मराठीचा वर्णानुक्रम-नियम निवडणे आवश्यक असते.

== अंक, मोजमाप व दिनांक ==

ज्या अंकांची बेरीज-वजाबाकी करायची नसते, ते अंकांच्या रकान्यात ठेवू नयेत. बँक खाते क्रमांक शून्याने सुरू होत असल्यास संख्या म्हणून साठवताना आरंभीचे शून्य गळते. 'आधार' क्रमांकही मजकूर म्हणूनच ठेवणे योग्य. आधार वाटपाचा आरंभ २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या गावी झाला. त्याच्या १२ अंकांपैकी शेवटचा अंक पडताळणीसाठी असतो, त्यामुळे टंकलेखनातील बहुतेक चुका नोंद घेतानाच पकडता येतात. मात्र अशी पडताळणी क्रमांकाची घडण तपासते. तो क्रमांक त्याच व्यक्तीचा आहे, हे ती सिद्ध करत नाही.

क्षेत्रफळ व रक्कम यांसाठी तरंगते दशांश वापरणे धोक्याचे असते. संगणकाच्या द्विमान पद्धतीत ०.१ सारखा साधा अपूर्णांकही अचूक साठवता येत नाही आणि बेरजेत सूक्ष्म फरक पडतो. त्याऐवजी निश्चित दशांशाचा प्रकार किंवा लहानात लहान एककातील पूर्णांक वापरतात. १ हेक्टर, म्हणजे १०० आर जमीन तीन भावांत सारखी वाटली व प्रत्येकाच्या नावे ३३.३३ आर लिहिले, तर बेरीज ९९.९९ आर होते आणि १ चौरस मीटर कोणाच्याच नावावर राहत नाही. हा दोष संगणकाचा नसून नियमाच्या अभावाचा आहे. उरलेला भाग कोणाकडे जाईल हे आधी ठरवावे लागते आणि खातेदारांच्या क्षेत्राची बेरीज गटाच्या एकूण क्षेत्राइतकी असल्याची तपासणी प्रणालीतच बसवावी लागते.

०५/०६ हा दिनांक काही प्रणाली ५ जून, तर काही ६ मे असा वाचतात. म्हणून दिनांक मजकूर म्हणून न ठेवता दिनांकाच्या प्रकारातच साठवतात.

== व्यवहारांची अखंडता ==

जमिनीच्या विक्रीत विकणाऱ्याचे क्षेत्र कमी होते व घेणाऱ्याचे वाढते. या दोन बदलांच्या मध्येच वीज गेली किंवा जोडणी तुटली, तर जमीन दोघांच्याही नावावर किंवा कोणाच्याच नावावर नाही, अशी स्थिती उद्भवते. दोन्ही बदल एका व्यवहारात गुंफल्यास ते एकत्र पूर्ण होतात, अन्यथा दोन्ही रद्द होतात.

एकाच वेळी दोन कर्मचाऱ्यांनी एकच नोंद उघडून बदलल्यास नंतर साठवणाऱ्याचा बदल आधीच्यावर चढतो. यासाठी नोंदीला आवृत्ती क्रमांक देतात. साठवताना तो बदललेला आढळल्यास प्रणाली बदल नाकारते व नोंद पुन्हा वाचण्यास सांगते.

जुने मूल्य पुसून नवे लिहिणे हेही टाळावे. कागदी सातबाऱ्यावर कमी झालेल्या नावाला कंस करून फेरफार क्रमांक लिहिण्याची पद्धत होती. त्यामुळे हक्क कोणाकडून कोणाकडे गेला, याचा माग राहत असे. फेरफाराची नोंद धरणे, हरकतींसाठी मुदत देणे आणि मंडळ अधिकाऱ्याने ती प्रमाणित करणे हे टप्पेही त्याच शिस्तीचा भाग आहेत. डेटाबेसमध्ये बदलांचा स्वतंत्र इतिहास-तक्ता आणि प्रत्येक नोंदीची स्थिती दाखवणारा रकाना ठेवून हीच शिस्त राखता येते.

== वेग व गर्दी ==

चाचणीच्या वेळी १०० नोंदींवर वेगाने चालणारे ॲप्लिकेशन लाखो नोंदींवर मंदावते. शोधासाठी वापरल्या जाणाऱ्या रकान्यांवर अनुक्रमणिका नसणे हे त्याचे नेहमीचे कारण असते. अशा वेळी डेटाबेसला संपूर्ण तक्ता वाचावा लागतो. दुसरे कारण म्हणजे यादीतील प्रत्येक ओळीसाठी वेगळी विचारणा करणे. ५० खातेदारांच्या यादीसाठी एका विचारणेऐवजी ५१ विचारणा होतात. तक्ते जोडून एकाच विचारणेत माहिती मागवणे हा त्यावर उपाय आहे. अनुक्रमणिका सरसकट सर्व रकान्यांवर घालणेही योग्य नाही, कारण प्रत्येक नवी नोंद लिहिताना त्या सर्व अद्ययावत कराव्या लागतात.

निकालाच्या दिवशी किंवा अर्जाच्या अंतिम मुदतीला येणारी गर्दी हा वेगळा प्रश्न आहे. डेटाबेस एका वेळी मर्यादित जोडण्या स्वीकारतो. मायएसक्यूएलमध्ये ही मर्यादा मुळात १५१, तर पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये १०० असते. प्रत्येक वापरकर्त्यासाठी नवी जोडणी उघडण्याऐवजी जोडण्यांचा सामाईक साठा ठेवतात. निकालासारखी न बदलणारी माहिती तात्पुरत्या साठ्यातून देतात.

== सुरक्षा ==

वापरकर्त्याने लिहिलेला मजकूर थेट एसक्यूएल आज्ञेत जोडल्यास त्या मजकुरातून नवी आज्ञा घुसवता येते. याला एसक्यूएल इंजेक्शन म्हणतात. आज्ञा व मूल्ये वेगळी पाठवणारी पूर्वसिद्ध विधाने वापरणे हा त्यावरील मुख्य उपाय आहे. पासवर्ड मूळ रूपात न साठवता त्यांचे एकदिश रूपांतर साठवतात. ॲप्लिकेशनच्या डेटाबेस खात्याला आवश्यक तेवढेच अधिकार देतात. केवळ उतारा दाखवणाऱ्या पानाला नोंद पुसण्याचा अधिकार असण्याचे कारण नसते. माहितीच्या प्रती नियमित घेणे पुरेसे नाही. त्या प्रतीवरून डेटाबेस पुन्हा उभा राहतो का, हेही वेळोवेळी तपासावे लागते.

== अनेक स्रोतांतील माहितीचा मेळ ==

वेगवेगळ्या संस्थांची माहिती जुळवताना वरील बहुतेक समस्या एकत्र येतात. २०१७ मधील छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजनेत शेतकऱ्यांकडून ऑनलाइन अर्ज मागवून ते बँकांच्या याद्यांशी जुळवण्यात आले. दोन्हींतील माहितीत तफावती आढळल्याने लाभवाटप लांबले. डिसेंबर २०१९ मध्ये जाहीर झालेल्या महात्मा जोतिराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजनेत अर्ज मागवले गेले नाहीत. कर्जखात्यांची माहिती बँकांकडून घेण्यात आली, याद्या प्रसिद्ध झाल्या आणि शेतकऱ्याने आधार प्रमाणीकरण करून आपली नोंद पडताळावी, अशी पद्धत ठेवण्यात आली. जी माहिती ज्याच्याकडे मूळ स्वरूपात असते ती त्याच्याकडूनच घ्यावी, आणि संबंधित व्यक्तीला ती पुन्हा लिहायला न लावता तपासायला द्यावी, हे तत्त्व या बदलातून स्पष्ट होते.

== दोष शोधण्याची पद्धत ==

दोष आढळल्यावर प्रथम तो कोणत्या स्तरावर आहे, हे निश्चित करतात. तीच विचारणा डेटाबेसवर थेट चालवून उत्तर बरोबर येत असेल, तर दोष प्रोग्राममध्ये वा पडद्यावरील मांडणीत असतो. उत्तरच चुकीचे असेल, तर विचारणा व साठवलेली माहिती तपासावी लागते. सर्व्हरच्या नोंदवहीतील त्रुटीसंदेश, विचारणेची अंमलबजावणी-योजना आणि दोष पुन्हा घडवून आणणारे लहानात लहान उदाहरण ही या कामाची मुख्य साधने होत.

एकच चुकीची नोंद हाताने दुरुस्त केल्यास त्या नागरिकाचे काम होते, परंतु चूक पुन्हा घडण्याचा मार्ग खुला राहतो. म्हणून दुरुस्तीनंतर तशाच इतर नोंदी शोधणे आणि तशी नोंद यापुढे स्वीकारली जाणार नाही असे बंधन डेटाबेसमध्ये घालणे, या दोन पायऱ्या झाल्यावरच दोष निवारण पूर्ण झाले असे मानले जाते.