पहिलेपणाचा मान

६ ऑगस्ट १९८६ रोजी मुंबईत, परळच्या के. ई. एम. रुग्णालयात एक मुलगी जन्मास आली. तिच्या जन्माची वार्ता देशभर पसरली. कारण तिच्या आयुष्याचा आरंभ मातेच्या उदरात नव्हे, तर प्रयोगशाळेतील काचेच्या एका बशीत झाला होता. भारतातील पहिली ‘टेस्ट ट्यूब बेबी’ म्हणून तिचे कौतुक झाले. रुग्णालयातील डॉ. इंदिरा हिंदुजा आणि परळच्याच प्रजनन-संशोधन संस्थेचे संचालक डॉ. टी. सी. आनंदकुमार यांच्याकडे या यशाचे श्रेय गेले, आणि ते यथायोग्यच होते. परंतु पुढे अकरा वर्षांनी आनंदकुमारांनी आपण होऊन जाहीर केले, की पहिलेपणाचा मान आमचा नव्हे; तो कलकत्त्याच्या एका दिवंगत डॉक्टरांचा आहे. हाती आलेला मान असा परत करण्याचे प्रसंग कोणत्याही क्षेत्रात विरळाच. तो त्यांनी का परत केला, याचा हा वृत्तान्त आहे.

हा वृत्तान्त ज्या सूक्ष्म वस्तूभोवती फिरतो, तिची ओळख प्रथम करून घेतली पाहिजे. आपल्याकडे पुरुष हा बीज आणि स्त्री हे क्षेत्र, अशी कल्पना लोकांच्या बोलण्यात दीर्घकाळ रुजलेली होती. पीक आले नाही की जमिनीला बोल लावावा, तसा अपत्य झाले नाही की स्त्रीला बोल लावला जाई. वस्तुतः स्त्रीच्या शरीरातही बीज असते. सस्तन प्राण्याचे असे बीज कार्ल अर्न्स्ट फॉन बेअर या शास्त्रज्ञाला १८२७ मध्ये कुत्रीच्या बीजांडकोशात प्रथम दिसले. मानवी स्त्रीबीजाचा व्यास मिलिमीटरचा सुमारे दहावा हिस्सा असतो. तरीही ते शरीरातील सर्वांत मोठ्या पेशींपैकी एक होय.

या बीजांचा साठा मुलीच्या जन्मापूर्वीच तयार होतो. जन्मवेळी तो दहा ते वीस लाखांच्या घरात असतो, आणि पुढे सतत घटत जातो. त्यांतील जेमतेम चारशे बीजे आयुष्यात पक्व होऊन बाहेर पडतात. याचा अर्थ असा, की पस्तिसाव्या वर्षी पक्व होणारे बीज स्वतःही पस्तीस वर्षांचे असते. एवढ्या कालावधीत त्यातील गुणसूत्रांना जोडून ठेवणारी बंधने शिथिल होतात, आणि विभागणीच्या वेळी गुणसूत्रांची वाटणी चुकण्याचा संभव वाढतो. बीजाच्या गुणवत्तेचा जो विचार आज होतो, त्याचे हे एक मुख्य कारण. दुसरे कारण अधिक विलक्षण आहे. फलन झाल्यावर एकाच्या दोन, दोहोंच्या चार अशा पेशी होऊ लागतात. पण या पहिल्या दोन-तीन दिवसांत भ्रूणाची स्वतःची जनुके बहुतांशी निद्रिस्तच असतात. चार ते आठ पेशींच्या अवस्थेत ती जागी होतात, हे १९८८ मध्ये ब्रिटिश संशोधकांनी दाखविले. तोवरचा सारा प्रवास बीजाने पूर्वीच साठवून ठेवलेल्या शिदोरीवर चालतो. शिदोरी अपुरी असेल, तर प्रवास मध्येच थांबतो.

अशा नाजूक वस्तूला शरीराबाहेर सांभाळण्याचा उद्योग किती कठीण असेल, हे यावरून ध्यानी यावे. १९४४ मध्ये अमेरिकेत जॉन रॉक आणि मिरियम मेनकिन यांनी मानवी बीजाचे शरीराबाहेर फलन घडविल्याचे प्रसिद्ध केले. १९६९ मध्ये इंग्लंडात रॉबर्ट एडवर्ड्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचा अधिक भक्कम पुरावा दिला. अखेर एडवर्ड्स, शस्त्रवैद्य पॅट्रिक स्टेप्टो आणि प्रयोगशाळा सांभाळणाऱ्या जीन पर्डी यांच्या प्रयत्नांना फळ येऊन २५ जुलै १९७८ रोजी ओल्डहॅम येथे लुईझ ब्राऊन जन्मली.

त्यानंतर सत्तरच दिवसांनी, ३ ऑक्टोबर १९७८ रोजी, कलकत्त्यात एक मुलगी जन्मली. डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांनी सांगितले, की हिच्याही जन्माचा आरंभ प्रयोगशाळेतच झाला आहे. मुखोपाध्याय हे शरीरक्रियाशास्त्राचे प्राध्यापक. कलकत्ता आणि एडिंबरा अशा दोन विद्यापीठांच्या डॉक्टरेट त्यांच्याजवळ होत्या. शीतकरणाचे जाणकार सुनीत मुखर्जी आणि स्त्रीरोगतज्ज्ञ सरोजकांती भट्टाचार्य हे त्यांचे सहकारी. साधने तुटपुंजी होती. पण त्यांनी निवडलेली वाट इंग्लंडातल्या वाटेहून निराळी, आणि आज पाहता अधिक दूरदृष्टीची होती.

एडवर्ड्स आणि स्टेप्टो यांनी निसर्गक्रमाने पक्व झालेले एकच बीज घेतले होते. मुखोपाध्यायांनी संप्रेरके देऊन एकाच महिन्यात अनेक बीजे पक्व केली. सर्वच बीजे सारख्या गुणाची नसतात. तेव्हा अनेक हाती असली तर त्यांतले एखादे तरी तग धरील, हा त्यातला हिशेब. परंतु संप्रेरकांच्या या माऱ्याने गर्भाशयाचे अस्तर त्या महिन्यात भ्रूणाच्या स्वागतास अनुकूल राहत नाही. म्हणून त्यांनी भ्रूण गोठवून ठेवले, त्रेपन्न दिवस थांबले, आणि पुढल्या एका नैसर्गिक ऋतुचक्रात ते गर्भाशयात सोडले. गोठविलेल्या मानवी भ्रूणापासून झालेला परदेशातील पहिला जन्म १९८४ मध्ये ऑस्ट्रेलियात नोंदला गेला. मुखोपाध्यायांनी ते सहा वर्षे आधी साधले होते. त्याविषयीचे एक छोटे टिपण १९७८ मध्येच शीतकरणशास्त्राच्या एका भारतीय नियतकालिकात छापून आले. पण ते नियतकालिक वैद्यांच्या वाचनातले नव्हते.

पुढे जे घडले ते क्लेशदायक आहे. नोव्हेंबर १९७८ मध्ये पश्चिम बंगाल सरकारने या दाव्याच्या चौकशीसाठी समिती नेमली. तिच्या सभासदांत प्रजननशास्त्रातील संशोधक नव्हता. मुलीच्या कुटुंबाला प्रसिद्धी नको होती, आणि मुखोपाध्यायांनी त्यांचा विश्वास मोडला नाही. समितीने दावा अमान्य केला. १९७९ च्या जानेवारीत जपानमधील एका विद्यापीठाने त्यांना आपले संशोधन मांडण्यास बोलाविले, तेव्हा सरकारने जाण्याची परवानगी दिली नाही. जून १९८१ मध्ये त्यांची बदली झाली ती नेत्ररोगाच्या एका संस्थेत, जिथे त्यांच्या विषयाला जागाच नव्हती. १९ जून १९८१ रोजी त्यांनी आपली जीवनयात्रा संपविली. वय पन्नास वर्षे.

आता परळकडे वळू. परळला १९५४ मध्ये गर्भनिरोधक साधनांची पारख करणारा एक विभाग सुरू झाला होता. त्यातूनच १९७० मध्ये भारतीय वैद्यक संशोधन परिषदेची प्रजनन-संशोधन संस्था उभी राहिली. ज्या संस्थेचा पाया संततिनियमनासाठी घातला गेला, तिनेच पुढे निपुत्रिकांच्या प्रश्नात लक्ष घातले. संस्थेजवळ प्रयोगशाळा होती, आणि महानगरपालिकेच्या के. ई. एम. रुग्णालयाजवळ रुग्ण व शस्त्रक्रियागृह होते. दोघांनी मिळून काम केले. प्रत्येक पायरीची नोंद ठेवली आणि ती शास्त्रीय नियतकालिकांत प्रसिद्ध केली. एकाकी माणसाला जे मिळाले नव्हते, ते सार्वजनिक संस्थांचे पाठबळ मुंबईतील या मंडळींना लाभले. त्यांच्या कौशल्याचे मोल यामुळे तसूभरही कमी होत नाही. परंतु दोन प्रयत्नांतील अंतर कशामुळे पडले, हे मात्र कळते.

१९९७ च्या फेब्रुवारीत आनंदकुमार एका परिषदेसाठी कलकत्त्यास गेले. तेथे मुखोपाध्यायांच्या हस्तलिखित नोंदी त्यांच्या हाती देण्यात आल्या. त्या त्यांनी बारकाईने तपासल्या, मुलीच्या मातापित्यांशी बोलणे केले, आणि त्यांची खात्री पटली. त्याच वर्षी ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात लेख लिहून त्यांनी मुखोपाध्याय हेच भारतातील पहिल्या ‘टेस्ट ट्यूब बेबी’चे शिल्पकार असल्याचे मांडले. २००५ मध्ये भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने या उपचारांसाठी राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. त्यांच्या प्रास्ताविकात दोन्ही जन्मांचा उल्लेख आहे: कलकत्त्याचा १९७८ चा जन्म जगातील दुसरा, आणि मुंबईचा १९८६ चा जन्म शास्त्रीय नोंदींनी सिद्ध झालेला भारतातील पहिला. दोघांनाही आपापले स्थान मिळाले, आणि कोणाचेही हिरावले गेले नाही.

मी शासकीय सेवेत आहे. समित्यांचे अहवाल वाचणे, आणि प्रसंगी लिहिणे, हे माझ्या नित्याच्या कामापैकी आहे. त्यामुळे या इतिहासातील एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही. समितीने शंका घेतली, हा तिचा दोष नव्हे. एवढा मोठा दावा पुराव्यावाचून कोणी मान्य करू नये. परंतु ‘हे सिद्ध झालेले नाही’ आणि ‘हे घडलेले नाही’ ही दोन वाक्ये एक नव्हेत. पहिल्या वाक्याने फाईल उघडी राहते; कोणी अधिक जाणता येऊन ती पुढे वाचू शकतो. दुसऱ्या वाक्याने ती बंद होते, आणि तिच्याबरोबर कधी कधी एक माणूसही बंद होतो. आनंदकुमारांनी एकोणीस वर्षांनी केले ते याहून फारसे निराळे नव्हे: त्यांनी कागद मागून घेतले आणि विषय जाणणाऱ्याच्या दृष्टीने वाचले. फरक इतकाच, की त्या वाचनात त्यांचे स्वतःचे नुकसान होते आणि तरीही त्यांनी निष्कर्ष दडविला नाही.

रायपूरच्या समता कॉलनीत मी राहतो. अपत्यासाठी झुरणाऱ्या जोडप्यांना पूर्वी मुंबई किंवा नागपूर गाठावे लागे. आता या शहरातही ते उपचार होतात. संप्रेरकांनी अनेक बीजे पक्व करणे, भ्रूण गोठविणे, पुढल्या महिन्यात ते गर्भाशयात सोडणे, हा आज जगभरचा रुळलेला परिपाठ झाला आहे. २०२१ च्या कायद्याने अशा केंद्रांची नोंदणी व प्रत्येक उपचाराची नोंद सक्तीची केली आहे. बीजाची गुणवत्ता वयाशी कशी निगडित आहे, हे डॉक्टर आता समजावून सांगतात. आणि ते ऐकणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे, की ते स्त्रीला बोल लावण्याचे नवे निमित्त नव्हे. अपत्यहीनतेची कारणे पुरुषाकडेही तितकीच असू शकतात, आणि वयावर कोणाचाच ताबा नसतो.

त्या केंद्रांतून बाळ घेऊन घरी परतणाऱ्यांपैकी फार थोड्यांना मुखोपाध्यायांचे नाव ठाऊक असेल. समितीच्या अहवालात ‘निर्णयास पुरेसा पुरावा अद्याप हाती आलेला नाही, तज्ज्ञांकडून पुन्हा तपास व्हावा’ एवढेच लिहिले गेले असते, तर कदाचित ते नाव आज घरोघर ठाऊक असते. तसे वाक्य लिहिण्यास फारशी विद्वत्ता लागत नाही. आपल्याला काय कळलेले नाही, हे कबूल करण्याची तयारी मात्र लागते.