'फ्लिकोर्ना'नंतरची अठरा वर्षे

स्वीडिश चित्रपट म्हटला की आपल्याला बर्गमन आठवतो आणि बहुधा आपण तिथेच थांबतो. माय झेटरलिंग (१९२५-१९९४) हे नाव आठवले, तरी ते बर्गमननेच पटकथा लिहिलेल्या 'हेट्स' (१९४४) या चित्रपटातली तंबाखूच्या दुकानातली छळली गेलेली मुलगी म्हणून. दिग्दर्शक आल्फ शोबर्ग यांच्या या चित्रपटाने तिला ओळख दिली. 'फ्रीडा'ने (१९४७) इंग्लंडचे दार उघडले. पुढची दीड दशके ती प्रामुख्याने इतरांनी रचलेल्या स्त्रिया वठवत राहिली.

१९६०च्या सुमारास तिने बीबीसीसाठी माहितीपट करायला सुरुवात केली. मुलांच्या हातातल्या खेळण्यातल्या बंदुकीवरून युद्धाकडे पाहणाऱ्या 'द वॉर गेम' या तिच्या लघुपटाला १९६३ मध्ये व्हेनिसला पारितोषिक मिळाले. पहिल्या कथापटासाठी तिने केलेली निवड साहित्याच्या अभ्यासकांनी लक्षात घ्यावी अशी आहे. 'अल्स्कान्दे पार' (१९६४) हा चित्रपट आग्नेस फॉन क्रुसेनश्टेर्ना यांच्या सात खंडांच्या कादंबरीमालेवर आधारलेला होता. स्त्रीच्या कामजीवनाविषयीच्या मोकळेपणामुळे या मालेने १९३०च्या दशकात स्वीडनमध्ये मोठे वादळ उठवले होते. मूळ प्रकाशकाने पुढचे खंड काढायला नकार दिला होता. झेटरलिंगने या विस्तारातून प्रसूतिगृहातल्या तीन स्त्रियांच्या स्मृती वेचल्या. पाठोपाठ आलेला 'नाट्लेक' (१९६६) व्हेनिसच्या महोत्सवात सर्वसामान्य प्रेक्षकांना दाखवलाच गेला नाही. तो फक्त परीक्षक आणि पत्रकारांनी पाहिला.

मात्र तिची खरी कसोटी लागली ती 'फ्लिकोर्ना'च्या (१९६८) वेळी. तीन नट्या अरिस्टोफेनिसचे 'लिसिस्ट्राटा' घेऊन दौऱ्यावर निघतात. युद्ध थांबावे म्हणून पुरुषांना शय्येपासून दूर ठेवणाऱ्या ग्रीक स्त्रियांचे हे नाटक त्यांच्या स्वतःच्या संसारात झिरपू लागते. प्रयोग संपल्यावर एक नटी प्रेक्षकांना थांबवून विचारते, तुम्हांला यातून काय वाटले? उत्तरादाखल पसरतो तो केवळ अवघडलेपणा. आम्हांला हा प्रसंग चित्रपटाचा गाभा वाटतो. अडीच हजार वर्षांपूर्वीचे विनोदी नाटक 'अभिजात' म्हणून टाळ्या मिळवते. त्यातला प्रश्न आजचा म्हणून विचारला, की सभागृह गप्प होते.

चित्रपटाच्या वाट्यालाही तेच आले. समीक्षकांनी तो झिडकारला आणि प्रेक्षक फिरकले नाहीत. सिमोन द बोव्हारने त्याची प्रशंसा केली आणि सत्तरच्या दशकातल्या स्त्री-चळवळीने तो पुन्हा शोधून काढला. पण चित्रपटगृहांसाठीचा पुढचा स्वीडिश कथापट करायला तिला १९८६ साल उजाडावे लागले. मधल्या काळात तिने म्युनिक ऑलिंपिकवरील सामूहिक चित्रपटात वेटलिफ्टर्सचा भाग केला, ब्रिटनमध्ये मुलींच्या सुधारगृहावरचा 'स्क्रबर्स' (१९८२) केला, आत्मचरित्रही लिहिले. तिचे काम थांबले नव्हते. मायदेशातला तिचा पडदा तेवढा अडवला गेला होता.

१९८६च्या 'आमोरोसा'त ती परतली ती पुन्हा क्रुसेनश्टेर्नाकडेच. या खेपेस मात्र कादंबरीकडे नव्हे, लेखिकेच्या आयुष्याकडे. लेखन, विवाह आणि मनोविकार यांच्या कात्रीत सापडलेली ती स्त्री रंगवताना दिग्दर्शिकेला स्वतःची अठरा वर्षे आठवली असतील का, हे सांगणे अवघड आहे. पण आरंभी जिची पुस्तके तिने निवडली, शेवटी तिचीच जीवनकथा तिने सांगितली, हे विसरता येत नाही. साहित्यकृतीच्या रूपांतराचा विचार करताना आपण बहुधा 'मूळाशी किती इमान राखले' एवढेच मोजतो. झेटरलिंगची कारकीर्द आणखी एक प्रश्न पुढे ठेवते: पूर्वी गप्प केल्या गेलेल्या आवाजाला पुन्हा उच्चारण्याची किंमत कोण मोजते?