हायड्रोजन गाडीत प्लॅटिनम कशाला लागतं? समजून घ्या नॅनोकणांचं गणित

ऑगस्ट २०२२ मध्ये पुण्यात हायड्रोजनवर चालणारी देशी बनावटीची बस सादर झाली. केपीआयटी कंपनी आणि सीएसआयआर यांनी मिळून ती तयार केली होती. धूर नाही, बाहेर पडतं फक्त पाणी! मग अशा गाड्या सर्रास का दिसत नाहीत? कारणं बरीच आहेत. त्यातलं एक केसाहून हजारो पटींनी बारीक आहे: प्लॅटिनमचे नॅनोकण.

फ्युएल सेल काम कसं करतो?

सेलच्या एका बाजूला हायड्रोजन येतो. तिथे त्याचे प्रोटॉन आणि इलेक्ट्रॉन वेगळे होतात. प्रोटॉन मधल्या पातळ पडद्यातून पलीकडे जातात. इलेक्ट्रॉनना तो रस्ता बंद असतो, म्हणून ते वायरमधून फिरून जातात. हीच आपली वीज! दुसऱ्या बाजूला हे दोघे हवेतल्या ऑक्सिजनला भेटतात आणि पाणी तयार होतं.

खरी अडचण या ऑक्सिजनच्या बाजूला आहे. ऑक्सिजनच्या दोन अणूंमधला बंध सहजासहजी तुटत नाही. त्यासाठी उत्प्रेरक, म्हणजे कॅटॅलिस्ट लागतो. प्लॅटिनम हे काम चांगलं करतं आणि सेलमधल्या आम्लातही बऱ्यापैकी टिकतं. पण ते महाग आहे.

एवढे बारीक कण कशाला?

कारण काम फक्त पृष्ठभागावरचे अणू करतात. आतले अणू नुसते बसून असतात. समजा, १ सेंटिमीटरचा प्लॅटिनमचा ठोकळा घेतला. वजन साधारण २१ ग्रॅम, पृष्ठभाग फक्त ६ चौरस सेंटिमीटर. त्याचे ५ नॅनोमीटरचे तुकडे केले तर एकूण पृष्ठभाग होतो १२०० चौरस मीटर. म्हणजे जवळपास नऊ कबड्डीची मैदानं! धातू तेवढाच, जागा वीस लाख पट. म्हणूनच सेलमध्ये साधारण २ ते ५ नॅनोमीटरचे कण कार्बनच्या भुकटीवर बसवलेले असतात.

मग अजून बारीक करा ना!

इथेच तर गोम आहे. कण जितका लहान, तितका तो अस्थिर. गाडी चालू-बंद होताना, वेग कमी-जास्त होताना लहान कणांमधलं प्लॅटिनम विरघळतं आणि मोठ्या कणांवर जाऊन बसतं. काही कण एकमेकांना चिकटतात, काही कार्बनवरून सुटतात. पृष्ठभाग घटतो आणि सेलची ताकद हळूहळू कमी होते.

उपाय काय?

प्लॅटिनममध्ये कोबाल्ट किंवा निकेल मिसळलं की कमी प्लॅटिनममध्ये जास्त काम होतं. लोह, नायट्रोजन आणि कार्बनपासून बनवलेले, प्लॅटिनम अजिबात नसलेले उत्प्रेरकही आहेत, पण ते अजून तितके टिकत नाहीत.

त्यामुळे ‘स्वस्त कॅटॅलिस्ट सापडला’ अशी बातमी मोबाइलवर आली, तर फॉरवर्ड करण्याआधी एक गोष्ट नक्की बघा: तो किती तास टिकला?