शब्दवेध : फ्रोंद

फ्रेंचमध्ये ‘फ्रोंद’ म्हणजे गोफण. पॅरिसमधली उनाड पोरं गोफणीनं दगड भिरकावायची आणि शिपाई दिसले की पळ काढायची. १६४८ मध्ये करवाढ आणि कार्दिनाल माझारँचा कारभार यांविरुद्ध उठाव झाला, तेव्हा हेटाळणीनं त्याला हेच नाव दिलं गेलं. राजा चौदावा लुई तेव्हा जेमतेम दहा वर्षांचा होता; सत्ता राजमाता अ‍ॅन आणि माझारँ यांच्या हाती होती.

आधी न्यायाधीश उठले, मग सरदार. या राजकारणात प्रेमप्रकरणंही गुंतली. सेनानी कोंदेची बहीण, लाँगव्हिलची डचेस, बंडाची सूत्रं हलवत होती आणि तिचा प्रियकर ला रोशफुको तिच्यासोबत बंडात होता. १६५२ च्या लढाईत त्याच्या चेहऱ्यावर गोळी लागली. पुढे माणसाच्या स्वार्थावर मार्मिक सुवचनं लिहून तो अजरामर झाला.

१६५३ मध्ये बंड मोडलं, शब्द मात्र टिकला. सत्तेवर खोचक टीका करणं म्हणजे ‘फ्रोंदे’, तसं करणारा ‘फ्रोंदर’. फ्रान्सचे माजी अध्यक्ष ओलांद यांच्या कारकिर्दीत (२०१२-१७) त्यांच्या धोरणांना विरोध करणाऱ्या त्यांच्याच पक्षातल्या खासदारांनाही फ्रेंच वृत्तपत्रांनी हेच नाव दिलं.