तांब्याची तार आणि माधवगंजातील मराठी श्रोते



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण येथे जमलो आहोत, ते आम्हांस विज्ञान शिकवीत. मी पुढे आयुष्यभर मराठी साहित्य शिकविले. तरीही त्यांचा एक धडा मला मराठीच्या इतिहासाकडे पाहताना पुन्हा पुन्हा आठवतो. विषय क्षुल्लक वाटेल : रेडिओसाठी गच्चीवर ताणलेली तांब्याची तार. ग्वाल्हेरच्या मराठी समाजाचा इतिहास सांगताना आपण शिंद्यांच्या दौलतीपासून आरंभ करतो आणि ख्यालगायकीपाशी विसावतो. परंतु विसाव्या शतकाच्या मध्यास महाराष्ट्रातील बोलती मराठी येथल्या घरांत कोणत्या वाटेने येत होती, हा प्रश्न आपण सहसा विचारीत नाही. त्या वाटांपैकी एक या तारेची होती.

मुंबईचे नभोवाणी केंद्र २३ जुलै १९२७ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते सुरू झाले. त्याच वर्षी खडकी आणि दौंड येथील केंद्रांमार्फत इंग्लंडशी बिनतारी संदेशवहनही सुरू झाले. गंमत अशी की, 'बिनतारी' म्हणविणारी ही विद्या उंच टांगलेल्या तारांवाचून एक पाऊलही टाकू शकत नव्हती. स्वातंत्र्यानंतर १९४८ मध्ये नागपूरचे आणि १९५३ मध्ये पुण्याचे केंद्र निघाले. ग्वाल्हेरपासून नागपूर साडेपाचशे किलोमीटरांहून दूर. मुंबई आणि पुणे तर सुमारे साडेनऊशे. ग्वाल्हेरला स्वतःचे केंद्र १९६४ पर्यंत नव्हते.

मध्यम लहरींचा स्वभाव असा की, दिवसा वातावरणाचा एक विद्युतभारित थर त्यांना शोषून घेतो. सूर्यास्तानंतर तो थर विरतो आणि त्याहून उंचावरच्या थरावरून परावर्तित होऊन त्या शेकडो किलोमीटर दूर जातात. म्हणून आमचे महाराष्ट्र रात्री उगवत असे. १ एप्रिल १९५५ पासून पुणे केंद्राने 'गीतरामायण' प्रसारित केले. गदिमांची छप्पन गीते वर्षभर घरोघर पोहोचली. पण कार्यक्रम सकाळचा. आमच्या घरी त्या वेळी केवळ खरखर ऐकू येई. वडीलधारी मंडळी पुण्याहून आलेल्या पत्रांतून गीतांचे वर्णन वाचीत. रात्री मात्र एखादे कीर्तन, एखादी श्रुतिका, बातम्यांतील एखादे ओळखीचे गावाचे नाव दूरवरून, चढत-उतरत येई. तेवढ्यासाठी गच्चीवर लांब तार हवी असे.

आमची तार वडिलांनी स्वस्तात घेतलेली, मऊ तांब्याची होती. दोन उन्हाळ्यांत ती लोंबू लागली. पुन्हा ताणली, पुन्हा लोंबली, आणि प्रत्येक वेळी थोडी बारीक झाली. १९६१ च्या जूनमध्ये वादळाने ती तुटली. तीही नेमकी घरात उतरणारी तार जेथे जोडली होती तेथे. मी बारा वर्षांचा होतो. कोणास न सांगता मी ते तुकडे बांधकामावरच्या लोखंडी तारेने आवळून टाकले. रेडिओ बोलू लागला आणि मला स्वतःचा मोठा अभिमान वाटला.

१२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले आणि मुठेच्या पुरात पुणे बुडाले. संध्याकाळपर्यंत ती वार्ता माधवगंजात पोहोचली होती. आमची आत्या नारायण पेठेत राहत असे. दिल्लीहून होणाऱ्या मराठी बातम्यांसाठी सारे घर रेडिओभोवती जमले आणि त्यातून घरघरीखेरीज काही येईना. वडील कंदील घेऊन गच्चीवर गेले. लोखंडी बांध गंजून सुटला होता. त्यांनी तो तुकडा खाली आणला, माझ्याकडे पाहिले आणि काही बोलले नाहीत. आत्याचे पत्र आठ दिवसांनी आले. माणसे वाचली होती. घर गेले होते. त्या रात्री बातम्या ऐकून काही बदलले नसते हे मला कळते. तरी ते आठ दिवस अजून माझ्या खाती जमा आहेत.

मी तो तुकडा गुरुजींना दाखविला. ते रागावले नाहीत. तांबे आणि लोखंड एकत्र भिजले की विजेच्या घटासारखी क्रिया सुरू होते आणि त्यात लोखंड आधी झिजते, एवढे सांगून ते मला एका तांबटाच्या दुकानी घेऊन गेले. ठोकलेले तांबे कडक होते, तापविले की पुन्हा मऊ पडते, हे तांबटाने डोळ्यांदेखत दाखविले. तारेचेही तसेच. पोलादी भोकांतून थंडच ओढून काढलेली तार कडक राहते. तिची ताकद मऊ तारेच्या जवळजवळ दीडपट-पावणेदोनपट असते आणि विद्युतवाहकता फार तर दोन-तीन टक्क्यांनी उणी. बारीक सात तारांचा पीळ एका जाड तारेपेक्षा वाऱ्यात अधिक टिकतो. प्रत्येक पदरावर इनॅमलचा लेप असेल तर ओल आत शिरत नाही. ताण घेणाऱ्या जागी सांधा करू नये. केलाच तर तांब्याशी तांबे जोडून वर डाख द्यावा. दोन्ही टोकांस चिनी मातीचे अंडाकृती विसंवाहक असावेत आणि विजेच्या भयाने जमिनीत जोडणी असावी.

आणखी एक गोष्ट त्यांनी गणिताने सांगितली. ग्वाल्हेरचा मे महिना पंचेचाळीस अंशांचा, जानेवारी कधी दोन-तीन अंशांची. वीस मीटर तांब्याची तार तेवढ्या फरकाने सुमारे दीड सेंटिमीटर आखडते. म्हणून उन्हाळ्यात तार कधी तंग बांधू नये. थोडा झोल ठेवावा. अशी नवी तार आम्ही त्या दिवाळीत लावली. ती माझे महाविद्यालयीन शिक्षण संपेपर्यंत टिकली. वर हिरवट थर चढला; पण तोच थर आतल्या तांब्याचे रक्षण करीत होता.

१९६४ मध्ये आकाशवाणीचे ग्वाल्हेर केंद्र सुरू झाले. पाठोपाठ ट्रान्झिस्टर आले. त्यांच्या पोटातच फेराइटची कांडी असल्याने जवळच्या केंद्रासाठी गच्चीवरच्या तारेची गरज उरली नाही. ऐंशीच्या दशकात रेडिओचा परवानाही गेला. तारा मोडीत निघाल्या. दूरची रात्रीची केंद्रे धुंडाळण्याची सवयही त्यांच्याबरोबर ओसरली आणि आमच्या कानांवरची मराठी घरापुरती उरली. भाषा केवळ तारेमुळे मागे पडली, असे माझे म्हणणे नाही. त्याची कारणे शाळा, नोकरी आणि विवाह यांत शोधावी लागतील. परंतु ज्या पिढीने भाषा ऐकण्यासाठी उन्हात गच्चीवर चढण्याचे कष्ट घेतले, तिची मराठी अधिक टिकली, हे मी वर्गात चाळीस वर्षे पाहिले आहे.

विद्यार्थी मित्रहो, आपापल्या घरांच्या गच्च्यांवर एकदा जाऊन पाहा. एखाद्या कठड्याला अजून गंजका हूक किंवा चिनी मातीचे अंडे सापडेल. सापडल्यास ते फेकू नका. ते कोणी बसविले, कोणते केंद्र ऐकण्यासाठी बसविले, हे घरातील वृद्धांना विचारून लिहून ठेवा. आमच्या गुरुजींचे तेच खरे स्मारक होईल.